चाकोरीतली जीप

ता. २४ जून ७६, बेस्तवार

काल रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाय. जीपची चार चाकं माज्या चुलीपाशी भिंतीला टेकून उभी हायत. बाहेर ठिवली तर कोनतरी नेईल म्हनून ह्यांनी आत आनली. रबराच्या वासानं मळमळतंय, अन कूस बदलली की पाय चाकाला लागतोय. अंगनात जीप चार धोंड्यांवर बसलीया.

पन खरं कारन ते न्हाय. खरं कारन असं की परवा मैंदर्गीच्या नर्सबाईनं पोट तपासलं अन म्हनाली, "विजयमाला, बाळ आडवं हाय. अजून फिरंल. पन न्हाय फिरलं तर हे सुइनीचं काम न्हाय. सोलापूरला मोठ्या दवाखान्यात जावं लागंल. अन कळा सुरू झाल्या की येळ घालवायचा न्हाय, सांगून ठिवते."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. मला वाटलं जवळ बसतील, दोन शब्द बोलतील. हे म्हनाले, "हूं." तमाखू मळली. बाहेर जाऊन जीपच्या खाली वाकून बघत बसले. अन काल उजाडल्या उजाडल्या चाकं काडली.

बायको असलं सांगती अन नवरा गाडीची चाकं काडतो! आता कळा आल्या तर काय चुलीपाशी बसून टायर गोंजारू?

ही डायरी आबादादानं दिलीया. आबादादा म्हनजे माजा थोरला भाऊ आबासाहेब. मैंदर्गीत आडत दुकानात दिवानजी हाय. मी दर आठवड्याला त्याला कार्ड टाकायची. साप निगाला, शालनला ताप आला, आभाळ काळं झालं, असं काय काय. शेवटी त्यानं ही वही आनून दिली. म्हनाला, "माले, चौथीपतूर शिकलीस ती समदी शाळा हितं वापर. पोस्टमनला जरा इसावा दे."

ता. २६ जून, शनवार

सोलापूरहून खाजाभाई आले. विजापूर वेशीत त्यांची गाड्या दुरुस्तीची शेड हाय. आमची जीप मिलिटरीनं काडून टाकलेली, ती ह्यांनी त्यांच्याच ओळखीनं आनलेली. यष्टीनं आले. पिशवीत एवढं लोखंड की कंडक्टरनं पिशवीचं बी तिकीट फाडलं म्हनं.

जीप सहा बोटं उंच करायची हाय. गाडीचं धूड ज्या वाकड्या लोखंडी पट्ट्यांवर बसतं त्यांना पाटे म्हनत्यात. ट्रकचे जुने पाटे कापून आनलेत, ते आमच्या पाट्यांत घालायचे. अन पाटे ज्या कड्यांना लटकत्यात त्या लांब करायच्या. असं खाजाभाईंनी मला भाकरी खाता खाता समजावलं. हे काय सांगत न्हाईत.

उंच कशाला, तर वाटंसाठी. वस्तीपासनं सडक दोन मैल. समदं काळं रान. पाऊस झाला की बैलगाड्यांच्या दोन खोल चाकोऱ्या पडत्यात अन मधी मातीचा वरंबा ऱ्हातो. जीपच्या मागच्या चाकांमधी पोटाखाली एक लोखंडाचा गोळा हाय. तो वरंब्यावर टेकला की चाकं नुसतीच गरागरा फिरत्यात अन जीप जागच्या जागी.

दोन सालांमागं तसंच झालं. मला मैंदर्गीला नेत हुते अन जीप वरंब्यावर बसली. शालन तितंच झाली, जीपमधी, आत्याबाईंच्या हातात. सासूबाईंना मी आत्याबाई म्हनते. हे मागून ढकलत हुते. पोरगी टँहां करून रडली तरी हे ढकलतच हुते. आत्याबाई वरडल्या, "आरं जोत्या, आता कुनाला ढकलतोस? झाली की!" तवापासनं शेजारचे ईश्वरप्पा अन त्यांची चंद्रव्वा शालनला जीपव्वा म्हनत्यात. आता पोरीला नाव इचारलं तर ती बी जीपव्वा सांगती.

अन जीपला ईश्वरप्पा बसकी म्हैस म्हनत्यात. मला वाटतं तेच ह्यांच्या मनाला लागलंय. त्याबिगर एवढी घाई कशाची? दोन साल म्हैस बसकीच हुती की.

ता. २९ जून, मंगळवार

चाकं माज्या घरातनं गेली. शेन-सारवन केलं तरी वास जाईना.

जीप उठली. अय्यो, केवढी उठली! शालन आधी खालून वाकून जायची, आता उभी जाती. हे चारी बाजूनं फिरून बघत हुते. मी लग्नात बोहल्यावर उभी हुते तवा बी असं बघितलं नव्हतं.

ईश्वरप्पा म्हनाले, "चंद्री, बस की. बाजारला जायचं न्हवं तुला?" चंद्रव्वानं एक पाय उचलला. लुगडं गुडघ्यापतूर आलं. पाय खाली ठिवला. दुसरा उचलला. तो बी खाली. मग म्हनाली, "जोतीराम, ही जीप हाय का माडी? शिडी कुटं हाय?"

खाजाभाई अन हे एकमेकांकडं बघाय लागले. चार दिवस दोघं गाडीखाली लोळत हुते, पन लुगडं नेसलेली बाई चढनार कशी हे दोघांच्या बी डोक्यात आलं न्हाय. आत्याबाईंनी घरातनं जेवायचा पाट आनून ठिवला, पाटावर पाय देऊन चढल्या, अन वर बसून म्हनाल्या, "हितनं मला अक्कलकोट दिसाय लागलं."

खाजाभाईंना ब्रेकची रबरी नळी आखूड पडलेली दिसली. गाडी वर गेली, नळी तेवढीच, तानून धरलेली. "भाबी, नक्को घाबरू. लांब नळी आनतो," म्हनाले. मी म्हनलं, "अन दिसली नसती तर?" तर म्हनाले, "मग घाबरायला लागलं असतं."

असल्या मानसांच्या हातात माजा संसार हाय.

ता. ४ जुलै, ऐतवार

खाजाभाई नळी घिऊन परत आले. आज वाटंवर नेऊन बघितली. मी शालनला काखंत घिऊन वस्तीच्या कडंला उभी.

गोळा टेकला न्हाय, ते खरं. पन जीप बैलगाडीपरास अरुंद. एक चाक चाकोरीत गेलं अन दुसरं वरंब्यावर चढलं. आधी बी असंच कलंडायची, पन आता उंच झाल्यावर असली कलंडली की माज्या पोटातलं बाळ बी दचकलं. खाजाभाई एका बाजूला लोंबकळले, तवा कुटं खाली बसली.

हे घाम पुसत आले. खाजाभाई म्हनत्यात, "अजून दोन बोटं वर घेऊ."

मला ऱ्हावलं न्हाय. म्हनलं, "अजून वर? डोस्क्यावर दोन घागरी घेतल्या की मी पाय जुळवून चालते व्हय? पाय फाकून चालते. अन बैलगाडी कवा पलटली का ह्या वाटंत? तिची दोन्ही चाकं दोन चाकोऱ्यांत असत्यात. तुमच्या जीपचं एक खड्ड्यात अन एक माळवदावर. ती पलटनार न्हाय तर काय फुगडी घालनार?"

खाजाभाईंनी माज्याकडं बघितलं, मग आमच्या बैलगाडीकडं बघितलं, मग परत माज्याकडं.

"भाबी," म्हनाले, "चहा मिळंल का?"

ता. ५ जुलै, सोमवार

सकाळी खाजाभाई म्हनाले, "जोतीरामभाऊ, राती मला एक आयडिया सुचली. गाडी उंच केली तर पाय बी रुंद करावे लागतात. चाक अन ब्रेकच्या ड्रमच्या मधी लोखंडाच्या जाड चकत्या घालू. प्रत्येकी चार बोटं. म्हनजे जीपची चाकं बरोबर बैलगाडीच्या चाकोरीत."

हे म्हनाले, "वा खाजाभाई! डोकं हाय तुमचं."

मी चहा ठिवला. खाजाभाईंच्या चहात साखर टाकली न्हाय एवढंच. त्यांनी तसाच पिला अन ग्लास ठिवताना हळूच म्हनाले, "भाबी, बराबर हाय तुमचं." हे इचारत्यात, "काय बराबर हाय?" खाजाभाई म्हनाले, "चहा."

मग दोघांनी आमच्या बैलगाडीच्या एका चाकापासनं दुसऱ्या चाकापतूर सुतळी लावून माप घेतलं. चाकोऱ्यांचं बी घेतलं. सुतळी घिऊन खाजाभाई सोलापूरला गेले. तितं मिलची कामं करनारा एक लेथवाला हाय, तो चकत्या कातून देनार.

ता. १४ जुलै, बुधवार

चकत्या आल्या. बसवल्या. लांब बोल्ट, जाड चकती, मग चाक. जीप आता फेंगडी दिसती, रुसून दोन पाय फाकून बसलेल्या पोरावानी. पन वाटंत घातली अन सरळ गेली. दोन्ही चाकं दोन चाकोऱ्यांत. सुकानू सोडून दिलं तरी जाती म्हनं. ह्यांनी सोडून दाखवलं. मी डोळे मिटले.

ईश्वरप्पा बांधावर उभे हुते. म्हनाले, "जोतीराम, उंची बैलगाडीची, रुंदी बैलगाडीची, चाकोरी बी बैलगाडीची. आता बैलं कवा जुंपतोस?"

हसून हसून माज्या बरगड्या दुखल्या. हे बी हसले, पन हरल्यावानी.

मी आत्याबाईंना सांगून टाकलंय, माज्यानं त्यात बसवनार न्हाय. मी आबादादाला कार्ड टाकलंय. पंचमीला मुराळी म्हनून न्यायला येईल तवा बैलगाडीच आन म्हनलं. तितनं यष्टीनं सोलापूर. बैल चालतो, थांबतो, त्याला बी जिवाची भीती असती. जीपला कसली भीती?

ता. १७ जुलै, शनवार

ह्यांचं काय बिनसलंय कळत न्हाय. जीपच्या मागच्या बाकड्यावर आमच्या लग्नातली गादी टाकली. गादीवर घागर. घागर काठोकाठ भरलेली, माज्याकडनंच भरून घेतली. मग सडकंपतूर जाऊन परत आले अन घागरीत बोट घालून बघितलं. निम्मी सांडली हुती. तोंड एवढंसं झालं. भाकरी पुढ्यात ठिवली तर नको म्हनाले.

मग गाडीखाली शिरून एकेक पाटा काडला. म्हनत्यात, पाटे जास्त झाले की गाडी दनके देती. चाकांतली हवा बी कमी केली. परत, "विजे, घागर भरून दे."

म्हनलं, "बाहत्तरच्या दुष्काळात मैलभर चालून पानी आनलेली बाई हाय मी. असलं सांडायला पानी देनार न्हाय."

तर स्वता भरून नेली. आत्याबाई म्हनाल्या, "जाऊ दे गं. गादीवर बसून बाजारला जानाऱ्या बायका येनार आसत्याल." एवढं बोलून पदर तोंडाला लावून आत गेल्या. ह्या वयात ह्यांना बी काय हसू येतं कुनास ठाऊक.

ता. १८ जुलै, ऐतवार

घागर तीन टायमाला गेली. संध्याकाळी आले ते हसतच. "चार बोटंच सांडली," म्हनाले.

म्हनलं, "बक्षीस मिळनार हाय का कुनाचं?"

म्हनाले, "बघू."

ता. २२ जुलै, बेस्तवार

झड लागलीया. नर्सबाईकडं मी ईश्वरप्पांच्या बैलगाडीतनं गेले. बाळ आडवंच. नर्सबाईनं हात लावल्या लावल्या सांगितलं. अजून महिना हाय, पन पंचमी झाली की सोलापुरात जाऊन ऱ्हा म्हनाली. वाट बघत घरी बसू नको.

येताना चंद्रव्वा समदी वाट माजा हात धरून बसली हुती.

मला मराया भ्या वाटत न्हाय असं मी कुनालाबी सांगते. खोटं हाय ते. लई वाटतं. शालन अजून माजा पदर धरून झोपती.

ह्यांना सांगितलं, आडवंच हाय. म्हनाले, "हूं." कुदळ-फावडं घेतलं अन पावसात वाटंवर खड्डे भराया गेले. अंधार पडल्यावर आले. पाय धुवायला पानी दिलं तर पायाला चिखल, हाताला फोड. म्हनलं, "वाट सरकारची हाय, तुमी कशाला मरताय?" तर म्हनाले, "माजी जीप जाती न्हवं त्यातनं."

बघा. समदं जीपसाठी.

ता. २४ जुलै, शनवार

आज आत्याबाई बाजारला जीपमधनं गेल्या. बाई धा मैलांची गोष्ट शंभर मैलांची करून सांगती, पन आजची संगं गेलेल्या ईश्वरप्पांनी बी सांगितली, म्हनजे खरी.

ओढ्याच्या अलीकडं वाट उंच बांधावरनं जाती. दोन्ही अंगाला खड्डा, पान्यानं भरलेला. जीप बांधावर अन समोरनं शेजारच्या रानातल्या बसलिंगप्पाची बैलगाडी, कडब्यानं भरलेली. हे म्हनाले, "बाजूला घे." बसलिंगप्पा म्हनाले, "कुटं घेऊ? पान्यात? तू घे." ह्यांनी सुकानू फिरवलं, पन जीप काय चाकोरीतनं बाहेर निगंना. चाकोरी खोल, अन चाकं कशी अगदी मापानं बसलेली! एवढी मापानं बसवली की आता निगत न्हाईत. बैल बी हलंनात. शेवटी आमची जीप उलटी, मागं मागं, वस्तीपतूर आली. दीड मैल. आत्याबाई गादीवर बसून बसलिंगप्पाच्या बैलांच्या तोंडाकडं बघत आल्या. म्हनत्यात, "सोयरीक जुळवाया निगाल्यागत बैल माज्या डोळ्यात डोळे घालून चालत हुता."

आम्ही समदे हसलो. हे हसले न्हाईत. वाटंकडं बघत बसले अन म्हनाले, "समोरनं गाडी आली न्हाय पायजे."

आबादादाचं कार्ड आलं. मंगळवारी सकाळी दुकान उघडून, साडेनवाला गाडी जुंपून निगनार. मला लई बरं वाटलं. ह्यांना वाचून दाखवलं अन म्हनलं, "मी बैलगाडीनंच जानार हाय."

म्हनाले, "बरं." तमाखू मळून म्हनाले, "दादा हळू हाकतो न्हवं?"

म्हनलं, "तुमच्यापरास हळू."

ता. २७ जुलै, मंगळवार

सकाळी आठ वाजल्यापासनं कळा सुरू झाल्यात. ताक घुसळताना पहिली आली. महिना अजून बाकी हाय. आत्याबाईंनी हात लावला अन त्यांचं तोंड बदललं. ह्यांना हाक मारली.

हे "हूं" म्हनाले न्हाईत. माज्यासमोर उकिडवे बसले अन म्हनाले, "विजे, बैलगाडी येऊन मैंदर्गीला पोचायला तीन तास. वर यष्टी. जीपनं दोन तासांत सोलापूर. तू न्हाय म्हनलीस तर मी दादाच्या गाडीची वाट बघतो. तू सांग."

असं कवा इचारलं नव्हतं ह्यांनी. मला.

मी म्हनलं, "पाट कुटं हाय?"

पाऊण तास झाला, बाहेर हँडल मारतायत. गारठ्यानं इंजिन लागंना, लागंल. गादी आधीच टाकलेली हुती, बाजारच्या बायकांची, ती आयती कामाला आली. शालनला चंद्रव्वाकडं ठिवलंय.

ही वही मी चंद्रव्वाच्या हातात देतेय. तिला वाचता येत न्हाय, अन तोंडी सांगितलं तर ती तिसरंच सांगंल, वर फोनवर बोलायला घाबरती. म्हनून ती ही वही घिऊन तळ्यावरच्या चौकीत पळत येईल. तितं पाटबंधाऱ्याचा फोन हाय. चौकीदार असूद्या न्हायतर दुसरं कोन बी, ज्याला वाचता येतं त्यानं हे वाचावं.

मैंदर्गी नंबर सतरा. आडत दुकान. आबासाहेब दिवानजींना बोलवा. तो माजा भाऊ हाय. त्याला सांगा, गाडी जुंपू नको. साडेनवाच्या आत सांगा. निगाला असंल तर दुकानातलं कोनतरी सायकलवर पाठवा अन सडकंवरच थांबवा. आमच्या वाटंत बैल घालू देऊ नका. आम्ही जीपमधनं निगालोय. बांधावर गाठ पडली तर जीपला बाजूला होता येत न्हाय, चाकोरीतनं निगतच न्हाय ती, अन दीड मैल उलटं यायला आज मला येळ न्हाय.

सडकंवर थांब म्हनावं, तितनं आमच्यासंगं सोलापूरला चल. ह्यांच्यावर ओरडू नको म्हनावं, ते निगताना काय बोलनार न्हाईत, त्यांना ओरडलं तरी "हूं"च म्हनत्यात. माली भ्यालीय का असं इचारलं तर व्हय सांगा. भ्यालीय, पन चढली.

इंजिन लागलं.

दादा हो, कोन असाल ते, आधी फोन करा. मागली पानं वाचत बसू नका.